अम्मींच्या खोलीची खिडकी



मे महिना लागला की आमच्या मोहर्लीत दोन कामांची घाई असते. पहाटे तेंदूपत्ता तोडायला जाणे आणि मृग लागायच्या आत घरावरचे कवेलू फेरणे. तेंदूपत्त्याशी आमच्या घराचा संबंध नाही, कवेलूंशी मात्र दरवर्षीचा आहे. पुढच्या खोलीवर स्लॅब पडला, पण मागच्या दोन खोल्या अजून जुन्याच आहेत. यंदाही मिस्त्री आला, छपरावर चढला, फुटके कवेलू खाली टाकले, नवे बसवले. उतरता उतरता त्याची नजर अम्मींच्या खोलीच्या खिडकीवर गेली.

"सर, हे खिडकी बुजवून टाकू का जी? वांदरं हात घालतात. अन् मागच्या थंडीत शेजारच्या गोठ्यातून बिबट्यानं बकरी नेली. दोन-तीन तासांचं काम आहे. विटा पडल्याच आहेत."

त्याचे बोलणे चुकीचे नव्हते. ताडोबाच्या दारातले आमचे गाव. इथे मागच्या अंगाला खिडकी ठेवायची म्हणजे रात्री डोळे मिटताना एकदा तिकडे बघावे लागते. आम्ही "उद्या सांगतो" म्हणालो. रात्री जेवताना विषय काढला, तर अम्मींनी हातातला घास तसाच ठेवला. त्या काही बोलल्या नाहीत. पण ती खिडकी कशी झाली, हे आमच्या घरात सगळ्यांनाच ठाऊक आहे. तीच हकिकत या महिन्याच्या सदरात सांगावी असे वाटले. पावसाळ्यापूर्वीच्या डागडुजीचे दिवस आहेत, कोणाच्या तरी घरी उपयोगी पडेल.

गोष्ट २०२० च्या उन्हाळ्यात सुरू होते. मार्चच्या मध्यापासून जंगल सफारी बंद झाली. २४ मार्चच्या रात्रीपासून सारा देशच बंद झाला. ज्या रस्त्यावर पहाटे पाचला जिप्सींची रांग लागायची, तिथे दिवसाढवळ्या चितळे उभी दिसू लागली. गाइड, जिप्सीचालक, रिसॉर्टमध्ये काम करणारी पोरे, सगळी घरी बसली. एप्रिलच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातल्या एका वाघिणीला कोरोना झाल्याची बातमी आली, तेव्हा गावात चर्चा झाली ती अशी की आता आपण वाघाला घाबरायचे की वाघाने आपल्याला!

त्या दिवसांत आमच्या कूलरची मोटर जळली. विदर्भाबाहेरच्या वाचकांना कदाचित याचे गांभीर्य कळणार नाही. चंद्रपूर जिल्ह्यात एप्रिल सरता सरता पारा ४४-४५ च्या पुढे जातो. अब्बा तेव्हा ७१ वर्षांचे, अम्मी ६५ च्या, त्यांना जुना दमा. आणि २५ एप्रिलला पहिला रोजा. कूलरशिवाय दुपार काढायची कशी, हाच घरातला सर्वांत मोठा प्रश्न होता. केंद्र सरकारने २० एप्रिलपासून इलेक्ट्रिशियन, प्लंबर, सुतार अशा कारागिरांना काम करायला सूट दिली आणि २१ एप्रिलच्या आदेशात पंख्यांच्या दुकानांनाही परवानगी दिली. वर्तमानपत्रात ती ओळ वाचून आम्हाला जितका आनंद झाला, तितका कुठल्या वेतन आयोगाच्या बातमीनेही झाला नसेल.

चार दिवसांनी भद्रावतीकडून एक मेकॅनिक आला. मोटर बदलली, पंप साफ केला, जाळ्यांतले कुजलेले गवत काढून नवे भरले. मग कूलर चालू करून तो घरभर फिरला. मागच्या खोलीत गेला आणि लगेच बाहेर आला.

"इथं निकासच नाही. कूलर बाहेरची हवा आत ढकलतो. आतली हवा बाहेर जायला वाट पाहिजे. वाट नसेल तर नुसता दमटपणा होतो, गारवा येत नाही. मागच्या भिंतीला एक खिडकी पाडा."

अब्बा म्हणाले, "नंतर पाहू." आम्हीही म्हणालो, "हो, नंतर पाहू." माकडे, बिबट्या, भिंतीचे वय, खर्च, अशी चार कारणे तयारच होती. मेकॅनिक पैसे घेऊन गेला. त्याचे बोलणे आम्ही गारव्यापुरतेच ऐकले होते.

दुसरे काम कवेलूंचे. नेहमीचा मिस्त्री शेजारच्या गावचा. त्याला फोन केला की "येतो" म्हणायचा आणि यायचा नाही. ते दिवस कसे होते, हे या मासिकाच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. टीव्हीवर रोज काय चालले होते आणि आपली नावे ऐकून लोक दोन पावले मागे का सरकत होते, ते प्रत्येक घराने आपापल्या परीने सोसले आहे. पुढे २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तबलिगी जमातच्या परदेशी पाहुण्यांवरील गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केले गेले असावे, असे मत नोंदवले. पण एप्रिलमध्ये ऑगस्टचा निकाल कोणाच्या हाती नसतो.

मिस्त्री येत नाही म्हणून एका पहाटे, सहेरी आणि फजरनंतर, अब्बा स्वतःच शिडी लावून छपरावर चढले. ऊन चढायच्या आत चार कवेलू सरकवून येतो, एवढाच त्यांचा विचार. आम्हाला जाग आली ती आवाजाने. जुना वासा वाळवीने पोखरलेला. त्यावर पाय पडला आणि अब्बांचा एक पाय मांडीपर्यंत आत. खाली अम्मी, वर अब्बा आणि मधे लोंबणारा तो पाय. आज सांगताना हसू येते, त्या वेळी हातपाय गार पडले होते. हाड वाचले, पण नडगी सोलून निघाली होती. गंजलेला खिळा लागला होता, म्हणून धनुर्वाताचे इंजेक्शन घेणे भाग होते. आणि त्या काळात दवाखान्याची पायरी चढायची म्हणजे दुसरीच भीती. दवाखान्याबाहेर लिंबाखाली तासभर थांबून, तोंडाला ओढणीचा पदर आणि रुमाल बांधून आम्ही इंजेक्शन घेऊन आलो. पुढचे चौदा दिवस घरात कोणी शिंकले की सगळे एकमेकांकडे बघायचे.

त्या दिवशी संध्याकाळी मिस्त्री आपणहून आला. अब्बा पडल्याचे त्याला कोणीतरी सांगितले होते. अंगणाच्या फाटकाशी उभा राहिला आणि खाली मान घालून म्हणाला, "गावात लोक म्हणत होते, जाऊ नको. माझं चुकलं, सर." आम्ही त्याला काय बोलणार? खरे सांगायचे तर आमच्याही मनात तेच होते. तो चार गावे फिरून काम करतो, काय घेऊन येईल कोण जाणे, असे आम्हीही आपसात बोललोच होतो. तो आम्हाला भीत होता, आम्ही त्याला भीत होतो, आणि अब्बांचा पाय त्या दोन भीतींच्या मधल्या भोकात गेला. दुसऱ्या दिवसापासून त्याने तीन दिवसांत छप्पर फेरले. पाण्याचा माठ अंगणात वेगळा ठेवला, साबण ठेवला, मजुरी रोजच्या रोज दिली. त्याच्याकडेही महिनाभर काम नव्हते. ईदच्या दिवशी, २५ मे रोजी, त्याच्या घरी शीरखुर्मा पाठवला. डबा धुऊन, त्यात मोहफुले भरून परत आला.

सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही राज्य सरकारची मोहीम निघाली. आम्हा शिक्षकांपैकी काहींना आशाताईंबरोबर घरोघरी जायचे काम आले. हातात तापमापक, ऑक्सिमीटर आणि नोंदवही. वीस वर्षे याच परिसरात शिकवतो, पण मुलांची घरे आतून बघण्याची वेळ पहिल्यांदाच आली. एकच खोली, त्यातच चूल, त्यातच आजी, त्यातच अभ्यास. मागच्या बाजूला खिडकी नाही, कारण जंगल. पुढे खिडकी आहे, पण तिच्यात पोती कोंबलेली, कारण माकडे आणि रानडुकरे. काही घरांत शिरल्यावर आधी डोळ्यांना धूर लागायचा, मग माणसे दिसायची. आम्ही सांगायचो, खोकला आला तर वेगळ्या खोलीत झोपा. लोक मान डोलवायचे. एका आजीने विचारले, "वेगळी खोली म्हणजे कोणची, बाबू?" त्या प्रश्नाला नोंदवहीत रकाना नव्हता.

म्हणून मग आम्ही दुसरे सांगू लागलो. पोते काढा, दिवसा दार-खिडकी उघडी ठेवा, म्हाताऱ्या माणसाची खाट दाराजवळ आणा, चुलीवरचे दोन कवेलू काढून धुराला वाट द्या. आशाताई हसून म्हणायच्या, "सर, तुमच्या घरी किती खिडक्या?" आम्ही म्हणायचो, "करायची आहे, दिवाळीनंतर."

दिवाळी गेली. मग हिवाळी सुट्टी गेली. पेशंट कमी झाले, लोकांनी मास्क खिशात टाकले. लसीचेही तसेच. १ मार्च २०२१ पासून साठीच्या पुढच्यांना लस सुरू झाली. अब्बांनी महिनाअखेरीस पहिला डोस घेतला. अम्मी म्हणाल्या, "रमजान के बाद." इंजेक्शनने रोजा तुटत नाही, असे बहुतेक उलमांनी तेव्हा स्पष्ट केले होते, आम्ही ते त्यांना वाचूनही दाखवले. पण ताप येईल, रोजे सुटतील, ही त्यांची धास्ती. आम्हीही फार आग्रह धरला नाही.

१४ एप्रिल २०२१, पहिला रोजा. त्याच रात्री आठपासून राज्यात पुन्हा कडक निर्बंध. दहाव्या रोजाला अब्बांना ताप आला. दोन दिवसांत तपासणी, पॉझिटिव्ह. आमची शाळेकडून लागलेली ड्यूटी चालू होती. आजार बहुधा आमच्याच कपड्यांबरोबर, आमच्याच श्वासाबरोबर घरात आला असावा. ही बोचणी अजून गेलेली नाही.

अब्बांना मागच्या खोलीत ठेवले, कारण दुसरी खोलीच नव्हती. अम्मींना पुढे झोपायला सांगितले. पण पन्नास वर्षांचा संसार. रात्री त्या उठून आत जायच्या, पाणी द्यायच्या, पाय दाबायच्या, तिथेच भिंतीला टेकून डोळा लागायचा. पुढच्या खोलीत कूलर घरघरत होता आणि मागच्या खोलीत हवा कोंडून होती. मेकॅनिक सांगून गेला होता तशीच. दमट, गरम, औषधांच्या वासाची. पाचव्या दिवशी अम्मींना खोकला सुरू झाला.

अब्बांचे ऑक्सिजन ९५ च्या खाली गेले नाही. अम्मींचे सातव्या दिवशी ९० वर आले. डॉक्टरांनी फोनवर सांगितले, पालथे झोपवा आणि ताबडतोब खाट शोधा. तेव्हाचे चंद्रपूर आठवा. खाटांसाठी लोक दारोदार फिरत होते, काही कुटुंबे रुग्णाला घेऊन सीमेपलीकडे तेलंगणात गेली. आम्ही एका जिप्सीवाल्या मित्राच्या गाडीत अम्मींना घेऊन निघालो. खिडक्या उघड्या, त्यांचे डोके मांडीवर. दोन ठिकाणी नाही म्हणाले, तिसऱ्या ठिकाणी संध्याकाळी खाट मिळाली. अम्मी बारा दिवस तिथे होत्या. त्याच आठवड्यात बल्लारपूरच्या खाला गेल्या. दफनविधीला मोजकीच माणसे, आम्ही त्यांत नव्हतो. अम्मींना ती बातमी घरी आल्यावर सांगितली.

१४ मेची ईद आम्ही कशी केली, ते लिहीत नाही. अम्मी घरी आल्या त्या दिवशी खरी ईद झाली. पण त्या पूर्वीच्या अम्मी राहिल्या नाहीत. आजही अंगणातून आत येताना मधे थांबतात, दाराच्या चौकटीला हात लावतात आणि मग पुढचे पाऊल टाकतात. पंप रोज दोन वेळा घ्यावा लागतो.

त्या मे महिन्यात, २० तारखेला, भारत सरकारच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने एक सोपी पुस्तिका काढली. आमच्या थोरल्या मुलीने ती मोबाइलवर मोठ्याने वाचून दाखवली. मोठे थेंब दोन मीटरच्या आत खाली पडतात, पण अगदी बारीक तुषार हवेत दहा मीटरपर्यंत जाऊ शकतात. बंद खोलीत ते साचतात, हवा खेळती असली की विरळ होतात. दारे-खिडक्या उघडा. लहान, दाटीच्या घरांतही जाळी लावा, हवा बाहेर जायला वाट करा. वाचून झाल्यावर ती म्हणाली, "हे तर कूलरवाले काका सांगून गेले होते." कोणी काही बोलले नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात त्याच मिस्त्रीला बोलावले. दारासमोरच्या भिंतीत, म्हणजे हवा आरपार जाईल अशी, तीन फूट बाय चार फुटांची खिडकी पाडली. मातीची जुनी भिंत, म्हणून आधी वर लाकडी पाट टाकून वजन पेलले, मगच खालची भिंत काढली. एक दिवस फोडायला, एक दिवस चौकट बसवायला. एवढेच काम होते! दोन दिवसांचे काम आम्ही तेरा महिने नंतरवर टाकले होते.

खिडकी असती तर अम्मी आजारी पडल्याच नसत्या, असे आम्ही म्हणणार नाही. ते अल्लाहलाच ठाऊक. लस आधी घेतली असती तर काय झाले असते, तेही सांगता येत नाही. पण जे आमच्या हातात होते ते आम्ही केले नव्हते, एवढे आम्हाला ठाऊक आहे. हजरत उमर (रजि.) शामच्या प्रवासात सर्ग या ठिकाणी पोहोचले आणि पुढे प्लेगची साथ असल्याचे कळले, तेव्हा त्यांनी सल्लामसलत केली आणि काफिला परत फिरवला. हे तकदीरपासून पळणे नव्हे का, असे विचारले गेले, तेव्हा त्यांच्या उत्तराचा आशय असा होता की आम्ही अल्लाहच्या एका तकदीरकडून त्याच्याच दुसऱ्या तकदीरकडे जात आहोत. ही हकिकत आम्ही वर्गात मुलांना कितीदा तरी सांगितली असेल. घरातल्या भिंतीला ती कधी लावून पाहिली नव्हती.

तर परवाच्या रात्रीकडे परत येऊ. अम्मींनी घास ठेवला, पाणी प्यायल्या आणि अब्बांकडे बघून म्हणाल्या, "बिबट्या साल में एक बार आता, सांस तो रोज लगती." विषय तिथेच संपला.

पण मिस्त्रीची काळजीही खोटी नव्हती, म्हणून त्याच्याशी बसून मधला मार्ग काढला. गज पूर्वी लांब-लांब होते, आता मधे आणखी गज घालून चार-चार बोटांचे अंतर केले. बाहेरून जाड लोखंडी जाळी, आतून डासांची बारीक जाळी. झडपांना आतून मजबूत कडी. खिडकीखालची जळाऊ लाकडांची रास हलवली, कारण जनावराला चढायला तीच पायरी होते. मागे उजेडासाठी एक दिवा. सगळे मिळून दीड दिवसाचे काम. बुजवायला त्याने दोन-तीन तास सांगितले होते, तेवढाच काय तो फरक.

मृग लागायच्या आत आपल्या घरातही एक चक्कर मारा. छपरावर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला चढू देऊ नका, आणि जो चढेल त्याने आधी वासे ठोकून बघावेत. कूलर बंद करताना टाकी कोरडी करून पालथी करा, चालू असेल तोवर आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासा. डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. गंजलेला पत्रा, खिळा काढताना चप्पल-बूट घाला, जखम झाली तर धनुर्वाताचे इंजेक्शन टाळू नका. घरातले ऑक्सिमीटर कुठल्या कपाटात पडले आहे ते शोधून त्यातले सेल बघा. सर्दी-खोकल्याच्या दिवसांत ज्याला वेगळे झोपवाल, त्याच्या खोलीत हवा कुठून येते आणि कुठून जाते, ते एकदा उदबत्ती लावून पाहा. धूर तिथेच घुटमळला, तर श्वासही तिथेच घुटमळतो. भिंतीत वाट करणे जमत नसेल, भाड्याचे घर असेल, तर दारावरचा झरोका उघडा, दारासमोर पंखा बाहेर तोंड करून ठेवा. तेवढ्यानेही फरक पडतो.

हे लिहीत असताना दुपारचे चार वाजले आहेत. मागच्या खोलीत अम्मी असरची तयारी करत आहेत. नव्या जाळीपलीकडे एक वानर बसून आत बघते आहे. अम्मी त्याला रागावत आहेत, मधे थांबून श्वास घेत आहेत, आणि पुन्हा रागावत आहेत.

अल्लाह सर्वांच्या आई-वडिलांना आफियत देवो. आमीन.